ओपीडीत बसण्यापूर्वी

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

पारलिंगी (जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा स्वतःचे लिंग वेगळे मानणाऱ्या) रुग्णांना तपासताना सुरुवात कुठून करावी, असे तू विचारले आहेस. समोरची व्यक्ती कोण आहे हे तिच्याकडूनच ऐकावे आणि शरीराचा विचार मात्र आज त्यात असलेल्या अवयवांप्रमाणे करावा. या दोहोंची गल्लत झाली की निदान हुकते.

ऐकण्याच्या बाबतीत आपल्या कोल्हापूरकडे घाई फार होते. साडी नेसलेली, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ असलेली व्यक्ती दिसली की ‘यल्लम्माचा जोगता’ (देवीला वाहिलेला) म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात जोगत्यांपैकी कोणी स्वतःला स्त्री मानते, कोणी पुरुष, तर कोणाला दोन्ही चौकटी मान्य नसतात. आणि शाहूपुरीतल्या दुकानात शर्ट-पँट घालून कामाला जाणाऱ्या ट्रान्स स्त्रीचा (जन्मावेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या, पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्तीचा) या परंपरेशी काडीचाही संबंध नसू शकतो. हे वैविध्य म्हणजे आजार नव्हे. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने (जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाने) लिंगभाव-विसंगती, म्हणजे नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारे लिंग यांतला फरक, मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात घातली, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने लिंगभाव किंवा लैंगिक कल ‘बदलून टाकणारे’ उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तेव्हा घरच्यांनी कितीही गळ घातली, तरी तसले समुपदेशन करू नये.

आता शरीराकडे वळतो. मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनानेच भरमसाट घेणाऱ्या ट्रान्स स्त्रिया तुला भेटतील. त्यांतील इथिनिल इस्ट्राडिऑल या स्त्री-संप्रेरकामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून एकच पोटरी सुजली असेल तर आधी डीव्हीटीची (पायाच्या खोल शिरेतील गुठळीची) शंका घ्यावी. या वेळी रागावल्यास पुढच्या खेपेला गोळ्यांची गोष्ट लपवली जाईल. निर्वाण (अंडकोष व लिंग काढण्याची शस्त्रक्रिया) झालेल्या आणि नंतर हार्मोन न घेणाऱ्यांच्या हाडांची घनता पाहावी. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाचे हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) तपासत राहावे; पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, त्यामुळे गर्भाशय असलेल्या अशा रुग्णाचे ओटीपोट दुखत असल्यास गर्भचाचणी टाळू नये. साधा खोकला घेऊन आलेल्याला मात्र शस्त्रक्रियेविषयी विचारण्याचे काहीच कारण नाही. (आपले कुतूहल हे लक्षण नव्हे.)

केसपेपरवर आधारकार्डाप्रमाणे नाव असले, तरी दारातल्या सिस्टरांनी रुग्णाने सांगितलेल्या नावानेच पुकारावे, हे पहिल्याच दिवशी ठरवून घे. हार्मोन सुरू करण्याआधी अपत्याचा विषय तूच काढ, कारण शुक्राणू किंवा बीजांडे गोठवायची असतील तर ते तेव्हाच सोयीचे असते.

कळावे.