सहाच्या पलीकडच्या तारा: गिटारवादकांची प्रश्नोत्तरे

दहा तारांच्या गिटारवर सातवी ते दहावी तार सी, ए शार्प, जी शार्प, एफ शार्प अशी का लावतात? क्रमाने खाली खर्जात का जात नाहीत? (पुणे)

कारण या तारा खर्जासाठी नाहीतच, झंकारासाठी आहेत. सतारीच्या तरफा, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा, आठवा. सहा तारांवर ई, बी, ए, डी छेडले की मोकळ्या तारा आपोआप बोलू लागतात; सी, एफ किंवा बी फ्लॅट (म्हणजेच ए शार्प) मात्र कोरडे राहतात. स्पॅनिश गिटारवादक नार्सिसो येपेस यांना ही असमानता खुपत होती. प्रत्येक तारेत तिच्या स्वरासोबत त्याचा पंचमही दडलेला असतो, म्हणून नव्या चार तारांतून आठ स्वर मिळतात: सी-जी, ए शार्प-एफ, जी शार्प-डी शार्प, एफ शार्प-सी शार्प. आधीचे चार धरून बारा पूर्ण! माद्रिदचे गिटार घडवणारे कारागीर होसे रामिरेझ तिसरे यांच्या मदतीने घडवलेली ही गिटार येपेस यांनी 1964 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबत वाजवली. माझ्या मते गिटारच्या रचनेतला हा फार सुंदर विचार आहे. नको तेव्हा या तारा हाताने थोपवायला मात्र शिकावंच लागतं.

ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्याचं संगीत वाजवायचं आहे. त्याच तारा डी, सी, बी, ए अशा उतरवू का? (मडगाव)

ही रचना त्या संगीताला योग्यच आहे, पण नुसत्या खुंट्या सैल करू नका. आठवी ते दहावी इतकी उतरवली की ताण जेमतेम एक तृतीयांश उरतो आणि तार फडफडते. सातवी सी वरून डी पर्यंत चढते, म्हणून तिचा ताण उलट सव्वापट होतो. चारही तारा बदला. सहाव्या ई तारेइतक्याच ताणावर खालच्या ए ला तिच्या सव्वादोनपट जड तार लागते.

आठ तारांच्या गिटारवर वरची ए तार सारखी तुटते. लांबी 650 मिलिमीटर आहे. अजून बारीक तार घेऊ? (बडोदा)

बारीक घेऊन उपयोग नाही. नायलॉन कोणत्या स्वराला तुटेल हे तारेच्या लांबीवर ठरतं, जाडीवर नाही. वरच्या ई इतकी निर्धास्त ए हवी तर लांबी 490 च्या आसपास आणावी लागेल, आणि मग खर्ज ढिला पडतो. यावरचा उपाय गिटारवादक पॉल गॅलब्रेथ यांच्यासाठी कारागीर डेव्हिड रुबिओ यांनी 1994 च्या सुमारास घडवलेल्या ‘ब्राम्स गिटार’मध्ये दिसतो: वरच्या तारा आखूड, खालच्या लांब, त्यामुळे फ्रेट (दांड्यावरचे पडदे) पंख्यासारखे तिरपे. तुमच्या गिटारचे फ्रेट सरळ असतील तर वरची तार जी ला लावा.

माझ्या सहा तारांच्या गिटारला सातवी बसवून मिळेल का? (नाशिक)

बसवू नका. 52 मिलिमीटरच्या नटवर (दांड्याच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) बोटांना जागा उरत नाही, आणि वाढीव सहा-सात किलोंचा ताण आतल्या पट्ट्यांनी धरलेला नसतो. ब्राझीलमध्ये सातवी तार सी ला लावलेली गिटार मुळातच तशी घडवतात. तोवर सहावी डी पर्यंत उतरवून वाजवा.