आणे गेले, नवे पैसे आले : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजी सांगायची की नवे पैसे आले तेव्हा दुकानदारांनी लोकांना लुटलं. खरंच असं झालं का?

थोडंफार झालं, पण सगळा दोष दुकानदाराचा नाही, घोळ गणितातच होता. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले, त्याआधी रुपया म्हणजे 16 आणे, 64 पैसे किंवा 192 पै. आता 100 ला 16 ने भागा, आण्याचे येतात सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वा पैसा द्यायचा कुठून? नियम असा की अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यायचा, अर्ध्याच्या वर असेल तर पुढचा पूर्ण पैसा धरायचा. म्हणून आण्याचे 6, चवलीचे म्हणजे दोन आण्यांचे साडेबारा नाही तर 12, तीन आण्यांचे 19. पावलीला म्हणजे चार आण्यांना मात्र बरोबर 25, तिथे भांडणच नाही.

आता आण्याची काडेपेटी कोणी 7 पैशांना लावली की गिऱ्हाईक चिडणार, आणि 6 ला दिली तर दुकानदाराचा पाव पैसा जाणार. सोळा जणांना एकेक विकली तर 6 च्या भावाने गल्ल्यात 96 पैसे आणि 7 च्या भावाने 112, म्हणजे एका रुपयाच्या मालावर इकडे 4 चा तोटा नाहीतर तिकडे 12 चा फायदा! बहुतेकांनी काय निवडलं असेल ते आजीने सांगितलंच आहे. त्यात जुनी नाणी लगेच बंद झाली नव्हती, काही वर्षं दोन्ही चालायची, म्हणून तर नाण्यावर ‘नया’ लिहावं लागलं, ते 1964 मध्ये काढलं. तरी ज्याला कळेना त्याच्यासाठी सोय होती बरं का, एक नया पैशावर लिहिलेलंच असायचं, ‘रुपये का सौवाँ भाग’.

प्रश्न : आमच्याकडे 1957 चा नया पैसा सापडलाय, व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणतात लाखो मिळतील.

नाही हो. हे ब्राँझचे पैसे ढिगाने पाडलेत, साध्या वापरलेल्या नाण्याला किरकोळ रक्कम मिळते. वर्षाच्या खाली पत्त्यांतल्या चौकटसारखी छोटी खूण दिसतेय का बघा, असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. आणि घासून चकचकीत करू नका प्लीज, आहे ती किंमतही जाईल. कोणी ‘आधी कमिशन भरा’ म्हणालं तर नंबर ब्लॉक करा, रिझर्व्ह बँकेनेही 2021 मध्ये अशा फसवणुकीबद्दल सावध केलंय.

प्रश्न : मी म्हापशाची. आजोबांच्या ट्रंकेत 3 आणि 6 एस्कुदोची नाणी आहेत, 5 आणि 10 ची का नाहीत?

मस्त प्रश्न! गोव्यात पोर्तुगीज काळात रुपिया चालायचा, त्याचे 16 टांगे, आपल्या आण्यांसारखंच. 1958-59 च्या सुमाराला एस्कुदो आला, त्याचे 100 सेंताव्हो, म्हणजे दशमान, आणि भाव ठरला 1 रुपियाला 6 एस्कुदो. लोकांच्या डोक्यात तर रुपियाच, म्हणून 6 एस्कुदो म्हणजे रुपया आणि 3 म्हणजे आठ आणे असं सरळ बसतं. टांग्याचे मात्र साडेसदतीस सेंताव्हो, म्हणजे आपल्याकडचाच ताप. पुढे डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया आला, म्हणजे आजोबांना तीन-चार वर्षांत दोनदा हिशोब बदलावा लागला.

प्रश्न : जुने पाच पैसे चौकोनी, दहा पैसे पाकळ्यांचे, असं का?

न वाचता, अंधारातही हाताला कळावं म्हणून. पण आणा आधीपासून पाकळ्यांचा आणि दोन आणे चौकोनी होते, त्यामुळे सुरुवातीला माझ्या मते गोंधळच वाढला असणार. नंतर धातू महागला तशी ही चिल्लर अ‍ॅल्युमिनियमची झाली, इतकी हलकी की खिशात आहे की नाही कळायचं नाही.

प्रश्न : आठाणे बंद झाले का? वाणी घेतच नाही.

बंद नाहीत. 30 जून 2011 पासून 25 पैसे आणि त्याखालची नाणी गेली, 50 पैसे कायद्याने आजही चालतात. फक्त एका वेळी दहा रुपयांपर्यंतच, म्हणजे पन्नास रुपयांचं बिल सगळं आठाण्यांत द्यायला गेलात तर वाणी नाही म्हणू शकतो आणि तेव्हा कायदा त्याच्या बाजूने असेल.