दुसरा मॉनिटर काळाच

प्रश्न : मालवणात माझा फोटो स्टुडिओ आहे. सुटे भाग आणून जुळवलेल्या कॉम्प्युटरात ग्राफिक्स कार्ड बसवलं, तेव्हापासून दुसरा मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतो. ड्रायव्हर बदलू का?

उत्तर : ड्रायव्हरला शिव्या नंतर. आधी कॅबिनेटच्या मागे वाकून बघा. दुसरी केबल अजून मदरबोर्डच्या पोर्टात असणार! कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड आपलं पोर्ट बंद करतात. दोन्ही केबली कार्डातच लावा. तरी अंधार असेल, तर इंटरनेट तोडून सेफ मोडमध्ये (म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून) ‘डीडीयू’ने, म्हणजे ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ या ड्रायव्हर मुळासकट काढणाऱ्या प्रोग्रॅमने, जुना ड्रायव्हर पुसा, कार्ड कंपनीचा नवा टाका. आणि हो, किनाऱ्यावरची खारी हवा! कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर नको, मुलामा झिजतो.