ताण, झोप आणि कानातले आवाज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं (नसलेले आवाज ऐकू येणं, खोटा संशय येणं असा मनाचा आजार) निदान झालं, गोळ्यांवर छान सावरला होता. अनंत चतुर्दशीला चुलत भावांबरोबर झांक्या (मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे) बघायला गेला, पहाटे परतला. आठवड्याभरात पुन्हा ‘शेजारचे माझ्यावरच हसतात’ सुरू झालं. घरचे म्हणतात, गर्दीचं टेन्शन बाधलं. आता त्याला कुठे पाठवूच नये का?
— एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, झांक्यांना दोष देण्याआधी त्या रात्रीचा हिशोब मांडा. झोप किती झाली? रात्रीची गोळी घेतली, की खिशातच राहिली? जागं राहायला चहा किती झाले? आमच्या मते गर्दीपेक्षा बुडालेली झोप आणि चुकलेली गोळी जास्त महाग पडते. त्यानंतरच्या रात्रीही जागरणात गेल्या असतील, तर आठवड्याभरात संशय डोकं वर काढणं नवल नाही.

एकाच गल्लीत पाऊस सारखाच पडतो, पण ज्या घराचं जोतं खाली, त्याच्या उंबऱ्यातून पाणी आत येतं. जोसेफ झुबिन आणि बॉनी स्प्रिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलेल्या विचाराचा गाभा हाच. आनुवंशिकता, जन्माच्या वेळची गुंतागुंत यांमुळे काहींची ताण सोसायची मर्यादा मुळातच कमी असते. तेव्हा नुसत्या ताणाने हा आजार होत नाही, आणि ‘तुमच्याच लाडाने झालं’ म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका.

ताण आला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि मेंदूच्या काही भागांत डोपामिन हे रसायन जास्त सुटतं. समोरच्या गोष्टींतली कुठली आपल्या कामाची, हे ठरवण्यात डोपामिनचा हात असतो. ते वाढलं की शेजाऱ्याचं साधं हसणंही ‘माझ्यासाठीच’ वाटू लागतं. तुमच्या मुलाची गोळी याच डोपामिनचा जोर कमी करते, म्हणजे जोतं उंच करते. शिवाय संशय आला की भीती वाटते, भीतीने झोप उडते, आणि झोप उडाली की संशय आणखी पक्का होतो. हे चक्र झोपेपाशी तोडणं सगळ्यांत सोपं.

कुठेच न पाठवणं हा मात्र उपाय नव्हे. जॉन विंग आणि जॉर्ज ब्राऊन या संशोधकांनी इंग्लंडमधल्या तीन मनोरुग्णालयांचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध केला. जिथे रुग्णांना दिवसभर करायला काहीच नव्हतं, तिथे अबोलपणा आणि निरुत्साह जास्त दिसला. तेव्हा पाठवा, पण बेताने. पुढच्या वर्षी संध्याकाळी तास-दीड तास झांक्या बघून साडेनऊपर्यंत घरी, सोबत एकच भाऊ, ‘चल’ म्हटलं की कुरकुर न करता निघणारा. गोळी नेहमीच्या वेळेला. रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) बघायचीच असेल तर राजवाड्याजवळच्या कुणा ओळखीच्यांच्या गच्चीवरून बघावी, टँकरच्या फवाऱ्याखाली नको.

आणखी एक. मागच्या वेळी आजार उलटण्याआधी काय काय बदललं होतं, ते मुलाबरोबर बसून लिहा. कुणाची झोप चार तासांवर येते, कुणी खिडक्या लावून घेतो, कुणी जेवणाचा वास घेऊन बघतो. त्याची स्वतःची तीन लक्षणं कागदावर लिहून फ्रिजवर लावा. त्यातली दोन सलग दोन दिवस दिसली की डॉक्टरांना फोन. गोळी मनाने वाढवू नका, कमीही करू नका. आत्ता सुरू झालेला संशयही पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : दीर आजारी आहेत. ‘कुणी तुमच्या मागावर नाही’ असं सासूबाई दिवसभर समजावतात आणि रोज भांडण होतं. चुकतंय कुठे?
— सुदामानगर, इंदूर

उत्तर : समजावण्याचा हेतू चांगला, पण वाद घालून भ्रम जात नाही, उलट घट्ट होतो. हो ला हो करणंही नको. ‘मला तसं काही दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय हे कळतंय. इथे बसू या का?’ एवढं पुरे.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांना दिसलं की घरात टीका, राग किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी असेल आणि आठवड्यात ३५ तासांहून अधिक समोरासमोर सहवास असेल, तर आजार उलटण्याचं प्रमाण बरंच वाढतं. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंदीगडच्या अभ्यासात असं टीकेचं वातावरण असलेली घरं लंडनपेक्षा कमी निघाली, तेव्हा ‘आपल्याकडची घरंच वाईट’ असं समजू नका. फरक वाक्यावाक्यात असतो. ‘दहा वाजले, अजून आंघोळ नाही, लोक ऑफिसला पोचले’ ही एकाच दमात तीन बोलणी झाली. ‘पाणी काढलंय’ हे एक काम झालं. सासूबाईंनाही रोज दोन तास देवळात, भिशीला, कुठेही जाऊ द्या. दोघांनाही मोकळा श्वास मिळेल.

प्रश्न : मी स्वतः रुग्ण आहे. गोळ्या नियमित घेतो, तरी दुकानावर बसलो की आवाज येतात. त्या वेळी काय करू?
— देवास

उत्तर : मँचेस्टरचे मानसशास्त्रज्ञ निकोलस टॅरिअर यांनी रुग्णांच्या स्वतःच्याच युक्त्या गोळा करून, त्या सराव करून पक्क्या करण्याची पद्धत बसवली. तुम्हीही तसं करा. ओठांतल्या ओठांत आरती गुणगुणा. गुणगुणताना स्वतःचा गळा गुंतलेला असतो, त्यामुळे अनेकांचे आवाज मागे सरतात. एका कानात इअरफोन लावून बातम्या ऐका, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. मोबाइल कानाला लावून हळू बोललात तर बघणाऱ्याला वावगं वाटत नाही. मालाच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचा.

एका वेळी एकच युक्ती, आठवडाभर. आवाजाचा त्रास दहापैकी किती, हे आधी आणि दहा मिनिटांनी वहीत लिहा. दोन अंक जरी उतरले तरी ती युक्ती ठेवा. सराव मात्र आवाज हलके असतानाच करायचा. ऐन कल्लोळात नवी गोष्ट शिकता येत नाही, आणि मग माणूस ‘कशाचाच उपयोग नाही’ म्हणून सोडून देतो. आवाजांशी ओरडून भांडणं आणि खोलीत कोंडून घेणं, या दोन्हींनी घडीभर बरं वाटतं, पण ताण वाढतो. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगू लागले तर युक्त्या बाजूला ठेवा, घरच्यांना लगेच सांगा आणि इस्पितळ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो.

प्रश्न : शिवरात्रीला थोडी भांग चालेल का? ताण हलका होतो म्हणतात.
— इंदूर

उत्तर : नाही. भांगही गांजाच्याच झाडाची. तिने संशय आणि आवाज वाढतात, आणि पोटातून घेतल्यावर असर उशिरा येत असल्याने किती झाली हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. साधी ठंडाई घ्या, तीही दुकानातली नको, घरी घोटलेली. जाता जाता : या आजारावरची क्लोझापिन किंवा ओलान्झापिनची गोळी सुरू असेल आणि सिगारेट-बिडी सोडत असाल, तर आधी डॉक्टरांना सांगा. धुरामुळे ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. धूम्रपान थांबलं की त्याच मात्रेत रक्तातलं औषध वाढतं, म्हणून मात्रा नव्याने बसवावी लागते.