वाचकांचे प्रश्न : वीज गेल्याने स्टेक जातो का?

प्रश्न : मी ठाण्यात, कोपरीला, घरच्या संगणकावर 32 इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचे चलन) स्टेक करून, म्हणजे तारण ठेवून, इथेरियमचा व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहारांचे गट (ब्लॉक) मांडणारा आणि त्यांवर मते देणारा प्रोग्राम, चालवतो. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून ऐरोलीला बहिणीकडे दुसऱ्या संगणकावर तोच व्हॅलिडेटर त्याच किल्लीने (स्वाक्षरीच्या गुप्त कोडने) सुरू ठेवण्याचा विचार आहे. यात स्लॅशिंगचा, म्हणजे शिक्षा म्हणून स्टेक कापला जाण्याचा, धोका आहे का?
– एक वाचक, ठाणे (पूर्व)

उत्तर : धोका आहे, आणि तो वीज जाण्यात नसून तुमच्या उपायात आहे. एरवी व्हॅलिडेटर गैरहजर राहिला, तर त्या वेळेत जेवढी कमाई झाली असती साधारण तेवढीच, किंबहुना किंचित कमी, रक्कम कापली जाते. चार तासांचा खंड पुढच्या चार तासांत भरून निघतो. स्लॅशिंग ही शिक्षा परस्परविरोधी स्वाक्षऱ्यांसाठी आहे : एकाच स्लॉटसाठी (एका ब्लॉकच्या ठरलेल्या वेळेसाठी) दोन वेगळे ब्लॉक मांडणे, एकाच इपॉकसाठी (स्लॉटांच्या ठरावीक गटासाठी) दोन वेगळी मते देणे, किंवा स्वतःच्याच आधीच्या मताला वेढणारे, म्हणजे त्याचा इपॉकांचा पल्ला पोटात घेणारे, मत देणे. एखादा ब्लॉक कोपरीला क्षणभर उशिरा पोहोचला, तरी दोन संगणकांची मते वेगळी पडू शकतात, आणि दोन्हींखाली स्वाक्षरी तुमचीच असते.

ठाण्याचा संगणक बंद पडला तरच ऐरोलीचा आपोआप सुरू व्हावा, ही युक्तीही फसवी आहे. कारण ऐरोलीला फक्त उत्तर येत नसल्याचे कळते, आणि ते वीज गेल्याने की नुसते इंटरनेट तुटल्याने, हे कळत नाही.

मे 2025 मध्ये इथेरियमच्या नियमांत झालेल्या पेक्ट्रा सुधारणेपूर्वी अशा चुकीचा पहिला दंड स्टेकच्या 32 व्या भागाएवढा, म्हणजे तुमच्या बाबतीत 1 इथर, होता. आता तो 4096 वा भाग, सुमारे 0.0078 इथर, इतकाच आहे. मात्र व्हॅलिडेटरची कायमची हकालपट्टी होते, रक्कम सुमारे 36 दिवस अडकते, आणि मध्यावर, अठराव्या दिवसाच्या सुमारास, दुसरा हिशेब होतो. त्या आसपास इतर किती स्टेक स्लॅश झाला यावर तो दंड ठरतो : एकट्याची चूक असेल तर नगण्य, एकूण स्टेकच्या एक तृतीयांशाएवढा असेल तर सर्वस्व. संगनमत आणि हलगर्जीपणा यांत फरक करणारी ही तरतूद मला सर्वांत विचारपूर्वक वाटते.

ऐरोलीचा संगणक साखळीशी जुळवून ठेवा, पण त्यावर किल्ली ठेवू नका. हलवायचेच झाले, तर कोपरीचा संगणक स्वतः बंद करा, तिथली किल्ली काढून टाका, झालेल्या स्वाक्षऱ्यांची नोंद सोबत न्या आणि किमान तीन इपॉक, म्हणजे वीसेक मिनिटे, थांबा. चार तासांच्या खंडासाठी एवढा खटाटोप परवडत नाही. त्यापेक्षा इन्व्हर्टर घ्या.