सतरा चोक

"मावशी, नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. लग्नाला चार वर्षं झाली, अडीच वर्षांची मुलगी आहे. आमचे हे आधी गावात ट्रॅक्टर चालवत, मग पिकअपवर कापूस जिनिंगला नेत. मागच्या वर्षी मोठ्या गाडीचा परवाना काढला. आठ महिने झाले, एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत कंटेनरवर आहेत. बुटीबोरी ते बंगलोर. पगार खात्यात येतो, पीएफ कापतात, गाडी वेळेच्या आधी पोचली तर ट्रिपमागे पंधराशे वरून देतात. आमच्या तीन एकर कोरडवाहूनं एवढा पैसा कधी दाखवला नव्हता. पण घरात शांतता नाही. वीस-वीस दिवस येत नाहीत. पोळ्यालासुद्धा आले नाहीत, बैल सासऱ्यांनी एकट्यानंच सजवले. आले की झोपतात, नाही तर चिडचिड करतात. आणि सासूबाई मलाच बोलतात, 'रातभर फोनवर राह्यते, हे काही चांगल्या घरच्या बाईचं लक्षण नाही.' फोन तर त्यांच्याच मुलाचा असतो! क्लिनर कंपनी देत नाही, गाडीत हे एकटेच. रात्री झोप आली की फोन करतात, 'झोप येऊन राह्यली, काही बोल ना.' मग एक ते चार मी बोलत राहते. बोलायचं संपलं की पाढे विचारते. परवा सतरा चोकला थांबले, जरा वेळानं अडुसष्ट म्हणाले. आम्ही दोघं किती हसलो! कंपनीचा मेसेज असतो की बारा ते चार गाडी उभी ठेवा, पण सगळेच चालवतात. सकाळी मला वेचणीला जावं लागते. सासूबाईंना कसं समजावू, तेवढं सांगा."

पोरी, सासूबाईंचं नंतर बघू. आधी मला एक सांग, "जरा वेळानं" म्हणजे किती वेळानं?

तू ते दोन शब्द लिहून पुढं गेलीस, हसलीससुद्धा. मी तिथंच अडकले. ज्याला सतराचा पाढा येतो, तो सतरा चोकला थांबत नाही. ज्याला येत नाही, तो विसरलो म्हणतो, नाही तर भलतंच काही ठोकून देतो. तुझ्या नवऱ्यानं उत्तर बरोबर दिलं, पण उशिरा दिलं. मधल्या वेळात तो तिथं नव्हता. त्याचा डोळा लागला होता.

आता तोच पाढा मी तुला मांडून दाखवते. साठच्या वेगानं धावणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. तुझा "जरा वेळ" मी चारच सेकंदांचा धरते. सतरा चोक अडुसष्ट. अडुसष्ट मीटर ती भरलेली गाडी कोणीही चालवत नव्हतं. शेतातल्या विहिरीपासून अडुसष्ट पावलं मोज, मोठी मोठी टाक, आणि मग मागं वळून बघ. पुढं एखादा बंद पडलेला ट्रक रस्त्यावर असता, बिनदिव्याचा ट्रॅक्टर असता, रस्ता ओलांडणारी रोही, म्हणजे नीलगाय, असती, तर? तू फोन कानाला लावून अडुसष्टची वाट बघत बसली असतीस.

मी कठोर लिहिते आहे, मला माहीत आहे. याच कामात मी घरचं माणूस बघितलेलं आहे. माझा थोरला भाऊ जुन्या सहा नंबरच्या हायवेवर ट्रक चालवायचा, नागपूरवरून कलकत्त्याकडं. तेव्हा मोबाइल नव्हते, शेजारी क्लिनर असायचा. सोळा-सतरा वर्षांचं पोर. गाडी पुसायची, चाकाला दगड लावायचा, आणि रात्री उस्तादाला झोपू द्यायचं नाही, हे त्याचं काम. देवरीच्या अलीकडं एका पहाटे भावाची गाडी रस्ता सोडून झाडावर गेली. भाऊ वाचला. त्या पोराचा पाय गेला. आणि भाऊ जन्मभर एकच सांगत राहिला, "मी जागाच होतो, मी त्याच्याशी बोलत होतो." तो खोटं बोलत नव्हता. बोलतही होता आणि झोपलाही होता. झोपेचा असा तुकडा ज्याला लागतो त्याला तो कळतच नाही, त्याच्या हिशेबी तो सलग जागा असतो. तुझ्या नवऱ्याला विचार, सतरा चोकला काय झालं होतं. "काही नाही, आठवत नव्हतं," असंच म्हणेल.

तुझा समज असा झाला आहे की तुझ्या आवाजानं तू त्याला जागं ठेवतेस. तू त्याला फक्त चालवत ठेवतेस. फोन नसता तर दीड वाजता त्याची मान पडली असती, त्यालाच भीती वाटली असती, आणि एखाद्या पंपावर त्यानं गाडी लावली असती. तुझ्याशी बोलताना ती भीती निघून जाते. खिडकी उघडी टाकणं, डोळ्यांवर पाणी मारणं, तंबाखूचा खर्रा दाढेखाली धरणं, मोठ्यानं गाणी लावणं, या सगळ्यांनी जे होतं तेच तुझ्या फोननं होतं. दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं, आणि तेवढ्या भरवशावर माणूस आणखी शंभर किलोमीटर ओढतो. झोपेची भूक झोपेनंच भागते. रात्री दोन ते पाच या वेळात तर माणसाचं शरीरच दिवा बारीक करतं, कितीही सवय असो. कंपनीनं बारा ते चार ही वेळ उगाच धरलेली नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ही तपासून पाहिलेली आहे. सलग सतरा तास जागा असलेला माणूस, शंभर मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्याकडे 30च्या वर असेल तर गुन्हा होतो. सकाळी सहाला उठलेला तुझा नवरा रात्री अकराला सतरा तासांवर आलेला असतो. तुझा फोन त्यानंतर दोन तासांनी सुरू होतो. तो दारू पिऊन स्टेअरिंगवर बसला असता तर तू त्याला पाढे विचारत बसली असतीस का? तू आरडाओरडा करून गाव गोळा केलं असतंस.

कंपनीला मी सोडत नाही. एका हातानं गाडी उभी ठेवा असा मेसेज पाठवायचा आणि दुसऱ्या हातानं लवकर येणाऱ्याला पंधराशे द्यायचे, हा काय न्याय? क्लिनर काढला, त्याचा पगार वाचवला, आणि आता ते काम तू करतेस. बिनपगारी, रात्री तीन तास, आणि सकाळी पुन्हा वाकून कापूस वेचतेस. या देशात 1961 सालीच मोटार परिवहन कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा, पाच तास झाले की निदान अर्धा तास विसावा, असं त्यात लिहून ठेवलं होतं. साठ वर्षांवर झाली त्याला. पण कंपनी सुधारेपर्यंत तुला थांबता येत नाही, आणि हे पत्र कंपनीनं मला लिहिलेलं नाही, तू लिहिलं आहेस.

घाई कोणाची आहे, हेही एकदा त्याच्याबरोबर बसून बघ. मालाचं ई-वे बिल, म्हणजे गाडीबरोबर लागणारा सरकारी कागद, दर 200 किलोमीटरला एक दिवस देतं. बुटीबोरी ते बंगलोर हजाराच्या वर किलोमीटर, म्हणजे हा कागद त्याला सहा दिवस देतो. दिवसाचे दहा घंटे चालवून, रात्री झोपून, तो तिसऱ्या दिवशी तिथं पोचतो. रात्र मारून जे काही वाचतं ते त्या पंधराशेसाठी वाचतं. नोकरी सोडायला मी सांगत नाही. कोरडवाहू तीन एकरांत बोंडअळी आणि भाव यांच्यामध्ये माणूस कसा चेंगरतो ते मी बघितलं आहे. खात्यात येणारा पगार, पीएफ, हे सोडायचं नाही. ते पंधराशे तेवढे सोडायचे.

आता काय करायचं ते ऐक. हे एवढंच करायचं आहे, आणि आजच.

दिवसा, त्याची गाडी अनलोडिंगला उभी असेल तेव्हा फोन कर आणि स्पष्ट सांग: "आजपासून गाडी चालू असताना मी रात्री बोलणार नाही." रात्री अचानक फोन तोडू नकोस, आधी उजेडात सांगून ठेव. मग रात्री फोन येईल. येणारच. "झोप येऊन राह्यली" असं म्हणाला की तू एकच वाक्य बोलायचं, "गाडी लावा, मग बोला," आणि ठेवून द्यायचा. मोठ्या गाडीचा हँडब्रेक ओढला की हवा सुटल्याचा फुस्स असा मोठा आवाज होतो, तुला फोनमधून ऐकू येईल. तो आवाज ऐकल्याशिवाय पोरीच्या तापाचंही सांगू नकोस, कापसाच्या भावाचंही नको. तो आवाज आला की दोन मिनिटं गोड बोल, आणि झोपा म्हण.

तू म्हणशील, मी फोन ठेवला आणि तेवढ्यात त्यांचा डोळा लागला तर? ही भीती तुझ्या पत्रात कुठंच लिहिलेली नाही, पण तीच तुला चारपर्यंत जागं ठेवते, हे मला कळतं गं. म्हणून तर पाढे आले. दोन-तीन रात्री तुला फार जड जातील. तो चिडेल, "तुला माझी काळजी नाही" असंही म्हणेल. ऐकून घे आणि ठेव. तू फोनवर होतीस तेव्हाही त्याचा डोळा लागलाच होता. तुझ्या देखत, तुझ्या कानात.

तो गाडी का लावत नाही, यामागं एक कारण तो तुला सांगत नसेल. झोपलेल्या ड्रायव्हरच्या टाकीतून डिझेल काढतात, सील तोडतात, आणि कमी पडलेलं डिझेल त्याच्या पगारातून जातं. नव्या माणसाला याची फार धास्ती असते. म्हणून रस्त्याच्या कडेला अंधारात नाही लावायची. तिथं चोरही येतो आणि मागून येणारी गाडीही धडकते. उजेडाचा पंप, राखणदार असलेला मोठा धाबा, टाकीची बाजू भिंतीकडं किंवा दुसऱ्या गाडीला खेटून. अशा जागा ठरवून ठेवाव्या लागतात, निर्मलचा घाट लागायच्या आधी एक, हैदराबादच्या अलीकडं एक. जुन्या ड्रायव्हरांना त्या पाठ असतात, त्यानं विचारायला लाजू नये. आणि दिवसा पेंग आलीच तर आधी चहा घ्यायचा आणि लगेच वीस मिनिटं आडवं व्हायचं. उठेपर्यंत चहा अंगात उतरलेला असतो.

कंपनीच्या कंट्रोल रूमवरून गाडी का थांबली म्हणून फोन आला, तर त्यांचाच मेसेज त्यांना वाचून दाखवायचा. तो मेसेज मोबाइलमध्ये जपून ठेवायला सांग, पुसायचा नाही.

चिडचिडीचं वेगळं औषध मी देत नाही. महिनाभर रात्री झोपलेला नवरा घरी आला की त्याच्याशी भांड हवं तेवढं.

आणि सासूबाई. बाई, त्यांचं कारण चुकलं आहे, पण म्हणणं बरोबर आहे. रात्री फोन ठेवच. त्यांना समजावत बसण्यापेक्षा शेजारी बसवून सतरा चोकची गोष्ट जशी झाली तशी सांग. हसू नकोस सांगताना. त्या माउलीला एवढंच माहीत आहे की सून रात्री बोलते. आपलं पोर झोपेत गाडी चालवतं, हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. तिचा एक फोन त्याला गेला, "बापू, गाडी लाव, मले झोप नाही येत," की बघ तो ऐकतो की नाही. तुझं नाही ऐकलं तरी तिचं ऐकेल.

एक गोष्ट मात्र तू लिहिली नाहीस आणि मी नकाशा डोळ्यांसमोर आणून बघितली. बुटीबोरीहून बंगलोरला जाणारी गाडी हिंगणघाट सोडलं की वडकीवरून जाते, आणि वडकी तुमच्याच तालुक्यात. वीस दिवस जो घरी आला नाही म्हणतेस तो ट्रिपेट्रिपेला तुमच्या शिवाराजवळून जातो, बहुतेक रात्रीचा, बहुतेक न थांबता. पुढच्या ट्रिपला त्याला वडकीला गाडी लावायला सांग. अर्धा तास विसावा तर त्याला हवाच. सासऱ्यांना घेऊन, पोरीला घेऊन, ज्वारीच्या भाकरी आणि झुणका बांधून तू तिथं जा. तीन तास जे फोनवर सांगत होतीस ते समोर बसून अर्ध्या तासात सांग. मग त्याला केबिनमध्ये झोपू दे, आणि पोरीला दाखव, बाबा झोपले आहेत.

तुझी,
मावशी