तारखा नसलेली वही घे

सवयींची नोंद ठेवायला महागडा प्लॅनर लगेच घेऊ नकोस. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर स्टेशनरीची दुकानं आहेत, तिथून तारखा न छापलेली साधी वही आण. तारखांच्या डायरीत चार दिवस लिहायचे राहिले की कोरी पानं डोळ्यांत खुपतात आणि डायरी कपाटात जाते. माझ्या अशा तीन गेल्या.

सुरुवातीला दोनच सवयी. 'व्यायाम' असं मोघम लिहू नकोस. 'सकाळचा चहा झाला की पाच सूर्यनमस्कार' असं लिही. रोज घडणाऱ्या गोष्टीला नवी गोष्ट बांधली की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. घड्याळाची वेळ शक्यतो नकोच. लोकल उशिरा आली की सगळं वेळापत्रक कोलमडतं, आणि राग निघतो बिचाऱ्या वहीवर!

२१ दिवसांत सवय लागते, हे डोक्यातून काढ. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, माणसागणिक १८ ते २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.

लिहायचं रात्री, जेवण झाल्यावर. गाडीत लिहीन म्हणशील, तर विरार फास्टमध्ये खिशातून हात काढायला जागा नसते. पावसाळ्यात वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेव आणि बॉलपेन वापर. माझा शाईने लिहिलेला अख्खा जुलै निळा झाला होता. रविवारी मागची पानं चाळ. एकाच सवयीपुढे सलग चार फुल्या, म्हणजे चुकलेले दिवस, दिसल्या, तर पाचाचे दोन नमस्कार कर.